नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर बसून शिकारी पक्षी मोजायचे कसे? पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

पाऊस उघडला की दरवर्षी दोन-चार जण तरी विचारतातच, की दादा ते घारी-गरुडांचं मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर, मोजतात म्हणे, आम्हाला पण यायचंय, काय काय आणू. मग मी फोनवर तेच ते अर्धा तास सांगत बसतो. यंदा एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे माझा घसा वाचेल.

आधी एक सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. नाशिक म्हणजे बातुमी नाही. तिकडं जॉर्जियात काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून एका सीझनला १० लाखांच्या वर शिकारी पक्षी जातात, मेक्सिकोत व्हेराक्रूझला तर त्याच्या कितीतरी पट, कारण तिथं एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, जायला दुसरी वाटच नाही. रुंद पंखांचे तरंगत जाणारे पक्षी मोठ्या पाण्यावरून जायचं टाळतात, पाण्यावर गरम हवेचे झोत उठत नाहीत ना, मग पंख मारून मारून दम निघतो. आपल्याकडं तसा काही बोळ नाही, पक्षी अख्ख्या पठारावर पसरून जातात. त्यामुळं आपल्या डोक्यावर तासाला तीन पक्षी आले तरी तो चांगला तास, आणि एकही आला नाही असे तास भरपूर. हे ज्याला चालेल त्यानंच पुढं वाचा.

आता माझी पहिल्या वर्षीची फजिती. मी हौसेनं पांडवलेणीच्या डोंगरावर जाऊन बसलो, जवळ पडतं, खाली येऊन मिसळ खाता येते, आणि घारी मोजायला लागलो. दुपारपर्यंत १४० घारी! संध्याकाळी ग्रुपवर अभिमानानं टाकलं. सगळ्यांनी अंगठे दिले, फक्त एका जुन्या पक्षीमित्र काकांनी दोनच शब्द लिहिले, "गेल्या कुठं?"

मी बघतच बसलो. खरंच की, गेल्या कुठं? कुठंच नव्हत्या गेल्या. खाली पाथर्डीच्या खत प्रकल्पावर घिरट्या घालणाऱ्या त्याच त्या पंचवीस-तीस घारी होत्या, वर यायच्या, एक चक्कर मारायच्या, परत खाली कचऱ्यावर, आणि मी त्यांना दर फेरीला नवीन धरत होतो. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहून ठेवलंय. पक्षी दिसला म्हणून मोजायचा नाही, गेला तर मोजायचा.

कधी

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत. नवरात्र ते देवदिवाळी असं धरलं तरी साधारण जमतं. आधी येतात ते भोवत्या, म्हणजे हॅरिअर, कझाकस्तान आणि मध्य आशियाच्या गवताळ भागातून. मग ऑक्टोबरभर खरूची (केस्ट्रेल, छोटा ससाणा), बूटेड ईगल (एक छोटा गरुड), कैकर (ऑस्प्रे, मासेखाऊ) वगैरे मंडळी, आणि सगळ्यात शेवटी नोव्हेंबरात अमूर ससाणा, त्याच्याबद्दल पुढं बोलतो.

दिवसातली वेळ साडेआठ ते एक. पहाटे पाचला उठून जायची गरज नाही, हे ऐकून बरेच जण खूश होतात. कारण सोपं आहे. गरुडासारख्या जड पक्ष्याला वर चढायला जमीन तापून हवा उठावी लागते, आणि ऑक्टोबर हीट आपल्याला नकोशी वाटते ना, तीच त्यांची लिफ्ट. साडेनऊ-दहाला झोत चालू झाले की पक्षी वर यायला लागतात. अकरानंतर एवढे उंच जातात की नुसत्या डोळ्यांना ठिपकासुद्धा दिसत नाही, म्हणून बरेच जण समजतात की दुपारी पक्षी बंद झाले. बंद नाही, वर गेलेले असतात. भोवत्या आणि ससाणे मात्र झोतांवर फारसे अवलंबून नाहीत, पंख मारत जाऊ शकतात, त्यामुळं ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी खालूनही जाताना सापडतात.

कुठं बसायचं

मी रामशेजवर बसतो. पेठ रोडनं आशेवाडीला गाडी लावायची आणि चढायचं, नवख्यालाही झेपेल असा सोपा किल्ला आहे. संभाजी महाराजांच्या काळात इथल्या किल्लेदारानं औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं झुलवलं, तेव्हा पहाऱ्याला जागा चांगलीच असणार. पाठीमागं दिंडोरी, समोर दक्षिणेला चामर लेणीचा डोंगर आणि त्यापलीकडं नाशिक. पक्षी उत्तरेकडून दक्षिणेकडं जाणार, म्हणजे तुमच्या पाठीकडून येऊन समोर जाणार. म्हणून तोंड उत्तरेला करून बसायचं! नवीन माणूस हमखास शहराचा व्ह्यू बघत बसतो आणि पक्षी डोक्यावरून निघून जातो.

दुसरी जागा नांदूर मध्यमेश्वर. २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते. तिथं दलदली भोवत्या आणि कैकर बघायला मजा येते, चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावर बसून संध्याकाळी भोवत्या पाणगवताच्या बेटात मुक्कामाला उतरताना दिसतात. पण ते मुक्कामाचे पक्षी, थंडीभर तिथंच राहणार. म्हणजे मोजणी तिथंही होते पण वेगळी, मुक्कामाला किती उतरले याची. दोन्ही आकडे एकाच कागदावर टाकू नका. नवख्यानं आधी दोन-तीन वेळा नांदूरला जाऊन भोवत्या जवळून नीट बघून घ्याव्यात आणि मग रामशेजला यावं, असं माझं मत आहे. उलटं केलं तर रामशेजला आठशे फुटांवरचा काळा ठिपका बघून काही कळत नाही आणि माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही.

अंजनेरीला जायचं तर जा पण कड्यांपासून लांब. तिथं लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत आणि थंडीत त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो, कड्याच्या टोकावर उभं राहून आरडाओरडा नको. आणि ड्रोन तर अजिबात नको.

एक इशारा, हा मनापासून. देवळाली कॅम्पच्या लष्करी भागात आणि ओझरच्या विमानतळाच्या आसपास गळ्यात दुर्बीण घालून फिरू नका, बोरगडाच्या माथ्यावर हवाई दलाची हद्द आहे तिकडंही नको. "पक्षी बघतोय साहेब" हे वाक्य तिथं कोणी ऐकून घेत नाही. रामशेजवर बसलं की ओझरची सुखोई अधूनमधून जाते, तेव्हा सगळे माना वर करतात, मी पण करतो, आणि बऱ्याचदा त्या आवाजानं दचकून वर आलेला पक्षीच नेमका सापडतो.

काय आणायचं

दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहाची घेऊ नका, हात हलतो आणि आकाशात पक्षी सापडायला वेळ लागतो. कॅमेरा असेल तर आणा पण पहिला महिना बॅगेतच ठेवा, फोटो काढायच्या नादात पाच पक्षी सुटतात. टोपी, दोन लिटर पाणी, डबा, वही, दोन पेन. सतरंजी किंवा चटई आणाच, कारण तासभर मान वर करून बसलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात मान वळत नाही, आडवं पडून बघायचं सरळ.

आणि मोजायला क्लिकर लागतो. ऑनलाइन मागवायची गरज नाही, पंचवटीत रामकुंडाकडच्या दुकानांत बोटात घालायचं जपाचं काउंटर मिळतं ना, नामस्मरणाला वापरतात ते, तेच घ्या. स्वस्त आहे आणि दुर्बीण डोळ्यावरून न काढता अंगठ्यानं दाबता येतं. माझ्या आईनं एकदा माझं काउंटर बघितलं, ३७ आकडा होता, म्हणाली एवढाच जप? काय सांगणार.

बघायचं कसं

आकाश नुसतं टकामका बघून काही सापडत नाही. पद्धत लागते. आधी दुर्बीण लांबच्या डोंगरावर फोकस करून घ्या, निळ्या आकाशात फोकस होत नाही आणि नेमका पक्षी आला की धूसर दिसतो. मग क्षितिजाच्या जरा वर, डावीकडून उजवीकडं हळूहळू दुर्बीण फिरवा, शेत नांगरतो तसं, एक ओळ झाली की थोडं वर घेऊन उजवीकडून डावीकडं. मधेमधे दुर्बीण खाली करून नुसत्या डोळ्यांनी थेट डोक्यावर बघा, कारण सगळ्यात जास्त पक्षी डोक्यावरूनच सुटतात. सूर्याच्या जवळपास दुर्बीण न्यायची नाही म्हणजे नाही, डोळा कायमचा जाईल, तो भाग हाताचा आडोसा करून बघा.

कोरं निळं आकाश सगळ्यात अवघड. दोन-चार पांढरे ढग असतील तर चांदी, ढगावर काळा ठिपका लगेच दिसतो. म्हणून ढगाच्या कडा आधी बघायच्या.

आणि कावळ्यांवर लक्ष ठेवा. हे मला पुस्तकानं नाही, तिथं शेळ्या चारणाऱ्या एका बाबांनी शिकवलं. दोन रविवार त्यांनी आम्हाला लांबून बघितलं, तिसऱ्या रविवारी जवळ येऊन बसले.

"काय बघू ऱ्हायले भाऊ?"

"बाबा, घारी, गरुड. मोजतोय."

"मोजून काय भेटतं?"

आता याला काय उत्तर देणार, मी आपलं काहीतरी सांगितलं की कमी झाले का वाढले ते कळतं. बाबा हसले, म्हणाले "तुमी उगं वर बघत बसता, कावळा वरडला का मंग वर बघायचं." आणि पाच मिनिटांत खाली वाडीवर कावळ्यांनी कालवा केला, बघतो तर मोरघार, म्हणजे एक गरुडच, कड्याला घासून जात होती. मोरघार इथलीच, त्यामुळं मोजणीत आली नाही, पण बाबांना दुर्बीण दिली तेव्हा त्यांनी ती उलटी धरली आणि म्हणाले, लईच लांब गेली की.

मोजायचं कसं

इथं जरा थांबून वाचा. किल्ल्यावरून पूर्व-पश्चिम अशी एक रेषा मनात आखायची. ठरलेल्या दोन खुणा घ्या, एका बाजूला एखादं झाड, दुसऱ्या बाजूला एखादा डोंगर, आणि दर रविवारी त्याच. पक्षी उत्तरेकडून आला आणि रेषा ओलांडून दक्षिणेकडं गेला की एक दाबायचा. रेषेच्या अलीकडं गोल गोल फिरतोय तोवर बोट काउंटरवरून लांब. रेषा ओलांडून परत मागं आला तर एक वजा. अगदी डबक्यातल्या बेडकांसारखं उड्या मारायला लागला, इकडून तिकडं तिकडून इकडं, तर तो इथलाच, सोडून द्या.

घारींचं काय? इथल्या घारी वेगळ्या काढायला एकच उपाय, सकाळी पहिली वीस मिनिटं काही मोजायचं नाही, फक्त आसपास कायम फिरणारे कोण कोण आहेत ते बघून वहीच्या कोपऱ्यात लिहायचं. घारी इतक्या, कापशी (छोटी पांढरट घार) एक, शिक्रा (छोटा बाज) जोडी, असं. हे आपले घरचे. थंडीत उत्तरेकडून काळ्या कानाच्या घारी येतात त्या मोजायच्या आहेत, पण त्या ओळखायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षी घार फक्त तेव्हाच मोजा जेव्हा ती उंचावरून, न वळता, सरळ दक्षिणेला जाते.

एका गरम झोतात दहा-पंधरा पक्षी एकत्र चढायला लागले तर भोवरा होतो, गरगर गरगर. नवखा माणूस त्या भोवऱ्यातच मोजायला जातो आणि १२, नाही १५, नाही परत १२ असं होतं. भोवऱ्यात मोजूच नका. वर टोकाला पोचले की ते एकामागं एक पंख आवळून पुढच्या झोताकडं सरळ घसरत निघतात, अगदी रांगेत, तेव्हा मोजा. रांग मोजणं सोपं आहे, सिटी बसमधून उतरणारी माणसं मोजल्यासारखं.

दोघं असाल तर एकानं फक्त बघायचं, एकानं फक्त लिहायचं, आणि अर्ध्या तासानं अदलाबदल. माझी भाची लिहायला असते तेव्हा आकडे सगळ्यात नीट असतात कारण ती मला विचारते, "मामा, नक्की गेला ना?" आणि मग मला दुर्बीण खाली ठेवता येत नाही.

ओळखायचं कसं, निदान कामापुरतं

रंग विसरा. उंचावर सगळे काळेच. आकार आणि उडायची ढब बघा.

घारीची शेपटी खाचेची आणि ती सारखी पिळत असते, होडीच्या सुकाणूसारखी. गरुड म्हणजे उडती फळी, पंख रुंद, टोकाला बोटं फाकलेली. ससाण्याचे पंख टोकदार, कोयत्यासारखे. शिक्र्याचे पंख आखूड, शेपटी लांब, तीन-चार फडफड मग एक घसरण. भोवत्याचे पंख उंच धरलेले, समोरून बघितलं तर उथळ व्ही, आणि डुलत डुलत जातो, जरा घेतल्यासारखा. कैकर समोरून एमसारखा वाकलेला, पोट पांढरं. मधुबाजाचं डोकं बारीक, कबुतरासारखं, मान पुढं काढलेली. बूटेड ईगल फिकट रंगाचा असेल तर तो एकच असा आहे ज्याचा रंग उंचावरही कामाला येतो, अंग पांढरं, पंखाच्या मागच्या कडा काळ्या, आणि समोरून आला की खांद्यापाशी दोन पांढरे ठिपके, हेडलाइट लावल्यासारखे. हे एकदा दिसलं की मग जन्मात विसरत नाही.

भोवत्याची मादी आणि पिल्लू, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा असलेले, पॅलिड की माँटेग्यू, या दोन जातींपैकी कुठला, हे लांबून सांगता येत नाही. मला येत नाही आणि जे छातीठोक सांगतात त्यांच्याकडं मी जरा संशयानं बघतो. सरळ "पॅलिड किंवा माँटेग्यू" लिहा. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, असे हा-किंवा-तो ऑप्शन असतात, अगदी "ससाणा, कुठला ते माहीत नाही" आणि "शिकारी पक्षी, माहीत नाही" सुद्धा. ते वापरायला लाजू नका. माझ्या वहीत दिवसाच्या शेवटी सगळ्यात मोठा आकडा बऱ्याचदा "माहीत नाही" याच रकान्यात असतो. गेला हे पक्कं आहे ना, मग कोण गेला हे अर्धवट राहिलं तरी चालतं. उगाच नाव चिकटवलं तर मात्र दोन्ही खोटं होतं.

अमूर

याच्यासाठी नोव्हेंबरचे रविवार राखून ठेवा. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन, म्हणजे मुठीत मावेल एवढा, आणि सैबेरिया-उत्तर चीनकडून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडं जातो. ऑक्टोबरात नागालँड-मणिपूरला लाखोंनी उतरतात, २०१२ मध्ये तिथं दोयांग धरणावर जाळ्यांनी पकडून किती मारले जातात ते बाहेर आलं, मग गावांनीच शिकार बंद केली, २०१३ मध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले, नावं नागा, पांगती आणि वोखा. तिथून निघाले की भारत आडवा ओलांडून थेट अरबी समुद्रावर, न थांबता सोमालियाकडं. त्याच काळात चतुरांचे थवेही समुद्रापार जातात असं काही अभ्यासक म्हणतात, म्हणजे डबा बरोबरच उडतोय.

नाशिकवर तो हमखास दिसतो असं नाही. दिसला तर ढगाळ, किडे उडत असलेल्या दिवशी, गवताळ माळावर, सकाळी लवकर किंवा दिवस मावळायच्या आत, हवेत किडे पकडून पायातच खाताना. नर राखाडी, मांड्या विटकरी, पंखाखाली पुढचा भाग पांढरा शुभ्र. हा नियमाला अपवाद, दक्षिणेकडं गेला नाही तरी लिहा, फक्त "गेला" मध्ये नको, शेजारी वेगळा रकाना करून "उतरलेला" म्हणून.

वहीत काय

प्रत्येक तासाची वेगळी ओळ. वारा कुठून, ढग किती, धुरकट की स्वच्छ, बघणारे किती जण, आणि मग पक्षी. तासात काही नाही आलं तर शून्य. रिकामी जागा नको, शून्य लिहा, कारण रिकाम्या जागेचा अर्थ पुढच्या वर्षी तुम्हालाच कळत नाही, की पक्षी नव्हते का तुम्ही डबा खात होता. डबा खात असाल तर तेही लिहा, "१२ ते १२.२० जेवण".

घरी आलं की त्याच दिवशी ई-बर्डवर टाका, तासाला एक यादी, प्रकार स्टेशनरी, कारण आपण एकाच जागी बसलेलो. कुठल्या दिशेनं गेले ते कॉमेंटमध्ये. इथल्या घारी, शिक्रे हे पण यादीत टाका, फक्त कॉमेंटमध्ये लिहा की हे स्थानिक.

कड्यांना आग्या मोहोळं असतात, अत्तर, डिओ मारून येऊ नका आणि वर धूर करू नका. मधुबाज त्या पोळ्यांवर येतो, आपण त्याचं जेवण चिडवायचं नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार झाला की वही बंद. परत उघडायची ती मार्चमध्ये, तेव्हा हेच पक्षी उलटे जातात, म्हणजे रेषा तीच, फक्त तोंड नाशिककडं करून बसायचं, आणि मग शहराचा व्ह्यू खुशाल बघा.